मुगातली राख

लढाईच्या दिवसांत पिंगळी स्टेशनाजवळ तारेचे नवे लाकडी खांब उभे राहिले. कापून उरलेले तुकडे ठेकेदाराने मागेल त्याला देऊन टाकले. बसवंतरावांनी बैलगाडीभर आणले. लाकूड जड होतं, किंचित हिरवट. "वाळवी शिवत न्हाई याला," असं ते घरी येईल त्याला ऐकवत. मोठे तुकडे गोठ्याला लागले, ढलप्या चुलीत गेल्या.

चुलीतली राख गौराबाई कधी वाया घालवत नसत. भांडी तिनेच घासायची आणि कीड लागू नये म्हणून कडधान्यही तिच्यातच घोळून ठेवायचं. लेक चन्नबसम्मा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्यासाठी जपलेले दोन पायल्या मूग त्यांनी याच राखेत घोळून रांजणात भरले.

त्याच आठवड्यात कालवड सुटून उकिरड्यावर गेली आणि भांडी घासून टाकलेली राख चाटत उभी राहिली. गुरं राख चाटतातच, म्हणून कुणी हाकललं नाही. संध्याकाळी तिच्या तोंडाला फेस आला, पोट वाहू लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेली.

"पान लागलं असंल, साप हिंडतोय उकिरड्यावर," बसवंतराव म्हणाले.

शेजारचा लिंबाजी रेल्वेत गँगमन होता. तो विचारपूस करायला आला आणि चुलीकडे बघतच राहिला.

"अक्का, हे काय जाळायलाव?"

"खांबाच्या ढलप्या."

"आरं देवा! त्याला औषध पाजलेलं असतंय. लोखंडी टाकीत कोंडून, दाब देऊन आतपर्यंत मुरवतेत. वाळवीचं इखच ते."

"मग जळालं की इख," बसवंतराव म्हणाले. "आगीत काय उरतंय?"

गौराबाईंनी चुलीतली राख चिमटीत घेतली. "चुलीत मीठ टाकलं तर ते जळतंय का हो? राखेतच बसतंय. तसंच हे बी बसलं असंल."

एवढं बोलून त्या मूग टाकून द्यायला रांजणाकडे वळल्या.

"आगं, दोन पायल्या मूग हायत!" बसवंतराव म्हणाले. " चार पाण्यानं धुऊन घे."

"वाळवी मरती, कालवड मेली. आता लेकीवर परीक्षा घ्यायची का?"

तेवढ्यात ओसरीवरून चन्नबसम्माचा बारीक आवाज आला, "आई, भांडी बी त्यानंच घासलीत की गं."

मग गौराबाईंनी चूल विझवली, घरातलं एकूण एक भांडं अंगणात आणलं आणि पांढऱ्या मातीने तीनदा घासलं. बसवंतरावांनी विहिरीपासून लांब, कमरेइतका खड्डा खणला. चुलीतली आणि उकिरड्यावरची राख, वर मूग, सगळं त्यात गेलं. उरलेल्या ढलप्याही गेल्या.

महिन्याभराने चन्नबसम्मा बाळंत झाली. मुलगी झाली, रडायला खणखणीत. पलीकडच्या दगडाबाईने दिलेल्या मुगाचं कढण बाळंतीण पोटभर प्याली. तोवर गौराबाईंच्या जिवात जीव नव्हता.

गोठ्याचे खांब तसेच उभे राहिले. कुणी पाहायला आलं की बसवंतराव अजूनही म्हणत, "वाळवी शिवत न्हाई याला." आणि वर बजावत, "पर चुलीत घालू नगा."