लाल काच कुटायची नसते

"सांडशी द्या इकडे, वहिनी," लुक्को म्हणाला. "आजपासून तुम्ही नुसतं पॉलिश करा. निवांत."

"निवांत मी चितेवर पडेन." सेनोवाराने सांडशी सोडली नाही.

किल्ल्याबाहेरच्या वस्तीतली ही भट्टी तिच्या नवऱ्याची. तो गेल्यावर वीस वर्षं ब्रोचवरचा रंगीत काचेचा मीना तीच भाजत आली होती. आता डोळ्यांवर साय धरली होती आणि दिराला, लुक्कोला, भट्टी हवी होती.

बाकावर एका सैनिकाची बायको, एनिका, ताटकळली होती. नवऱ्याचा झगा खांद्याशी अडकवायला तिला लाल-निळा ब्रोच हवा होता.

"दोघंही एकेक भाजा ना," ती वैतागून म्हणाली. "आवडेल तो घेईन."

"ज्याचा घेशील त्याची भट्टी," सेनोवारा म्हणाली.

लुक्को हसला. "कबूल!"

त्याने निळी आणि लाल, दोन्ही काचा बारीक कुटल्या, ओल्या करून ब्रोचच्या खाचांत भरल्या. भट्टीवरून नजर हलवली नाही. निळा झकास उतरला. लालचा मात्र हिरवट तपकिरी लगदा झाला.

"ही काय, शिळी कलेजी?" एनिका म्हणाली.

"काचच भेसळीची!"

"काच तीच आहे, भावजी. लाल कुटली की कणाकणाला हवा लागते, रंग मरतो. मऊ करून अख्खी दाबायची."

"मऊ झालेली दिसणार आहे का तुम्हाला?"

"दिसायला कशाला हवी?"

तिने आधी निळा भाजून घेतला. मग मोकळ्या खाचेत लाल काचेचा खडा ठेवला, वर कोळसा लोटला आणि भुवयांना आच चरचरेपर्यंत थांबली. लोखंडी सळईने खडा टोचून पाहिला. टणक आवाज आला. पुन्हा टोचला, आवाज बद्द झाला. तिसऱ्यांदा सळई मेणात जावी तशी रुतली. तिने मनगटाचा भार देऊन काच दाबली.

निवल्यावर ब्रोच दगडावर घासून तिने एनिकाच्या हातात दिला. एनिकाने तो उलटसुलट करून पाहिला. लुक्को वाकून बघू लागला.

"हाच घेते, मावशी," एनिका म्हणाली.

"थांब. बघू दे."

सेनोवाराने तो परत घेऊन दाराशी, उजेडात धरला. तिला एक काळसर गोल दिसला, तेवढाच.

"कोळसा बारीक फोडा, भावजी," ती म्हणाली. "आणि पुढचा ब्रोच काढा."

एनिका हात पुढे करून उभी होती. सेनोवारा ब्रोचवरून अंगठा फिरवत राहिली. लाल कुठे संपतो, निळा कुठे लागतो, अंगठ्याला कळत नव्हतं.