अठरा नंबरची हजेरी

दोन्ही शर्टांच्या डाव्याच बाहीला शाई होती.

रविवारची सकाळ. आठवड्याचे शाळेचे कपडे भिजत घालायला मी न्हाणीघरात बादली घेऊन बसले होते. मागच्या रविवारी माझी जादा पाळी होती, तेव्हा ते नवऱ्यानं धुतले होते. हॉस्पिटलच्या लाँड्रीत माझी चौदा वर्षं गेली आहेत. चादर हातात आली की पेशंट कुठल्या कुशीवर झोपत होता ते मी सांगते. कोणी औषध न पिता गुपचूप उशीत जिरवलं तेही सांगते. आणि माझ्याच घरात कोणी मला शेंडी लावत असेल, हे काही माझ्या स्वप्नातही नव्हतं.

माझ्या मुली जुळ्या. दहा वर्षांच्या, पाचवीत. थोरली अकरा मिनिटांनी मोठी आणि डावरी. डावऱ्या माणसाची बाही लिहिताना ओल्या अक्षरांवरून घासत जाते, म्हणून तिच्या डाव्या बाहीची कड कायम निळी. धाकटी लिहिते उजव्या हातानं. कपड्यांची अदलाबदल नको म्हणून कॉलरच्या आत मी दोरा टाकून ठेवते, थोरलीला लाल, धाकटीला पांढरा. माझ्या हातात पांढऱ्या दोऱ्याचा शर्ट होता आणि त्याची डावी बाही निळी होती.

मी हाक मारली, "दोघीही इकडे या. आत्ताच्या आत्ता!"

हे प्रकरण कळायला दोन आठवडे मागं जावं लागेल. साथीमुळं दीड वर्ष बंद असलेली शाळा उघडली, पण अर्धीच. विषम नंबरवाल्यांनी सोमवार, बुधवार, शुक्रवार यायचं. सम नंबरवाल्यांनी मंगळवार, गुरुवार, शनिवार. तेही सकाळी आठ ते बाराच. डबा आणायचा नाही, मास्क काढायचा नाही, पालकांनी गेटच्या आत यायचं नाही. आमच्या दोघींचे नंबर सतरा आणि अठरा. म्हणजे ज्या पोरी जन्मल्यापासून एक दिवसही एकमेकींना सोडून राहिल्या नाहीत, त्यांच्यामध्ये शाळेनं खडूची रेघ मारली.

मी मुख्याध्यापकबाईंना फोन लावला. "बाई, जुळ्या आहेत हो. एकाच घरात राहतात, एकाच ताटात जेवतात. एकीला झालं तर दुसरीला होणारच. एकाच दिवशी बोलवा ना."

"नियम सगळ्यांना सारखा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला सवलत दिली की उद्या दारात रांग लागेल."

माझी खरी काळजी वेगळीच होती. धाकटी घराबाहेर तोंड उघडत नाही. मुकी नाही ती, घरात चुरुचुरु बोलते. पण बाहेर कोणी नाव विचारलं तरी थोरलीच्या पाठीमागं जाते, आणि थोरली दोघींची नावं सांगून मोकळी होते. तिसरीपर्यंत हजेरीसुद्धा थोरलीच द्यायची, लागोपाठ दोनदा. ऑनलाइन वर्गात तर काय, कॅमेरा बंद आणि आवाजही बंद.

पण मी कुठं घाबरणारी! मी भिंतीवर वेळापत्रक चिकटवलं. माझी सकाळची पाळी, मी पावणेसहाला घर सोडते. नवरा लिफ्ट दुरुस्त करतो, त्याचं काम दहाला सुरू होतं आणि बाराच्या सुमाराला तो तासभर सुटू शकतो. तेव्हा शाळेत सोडायचं त्यानं, आणायचं त्यानं, आणि घरी राहील तिच्यावर खालच्या मजल्यावरच्या मावशींनी लक्ष ठेवायचं. नवरा एवढंच म्हणाला, "धाकटीला जमेल का?"

"न जमायला काय झालं? पाठीमागं लपायला कोणी नसलं की आपोआप बोलेल," मी म्हणाले. "तुम्ही नका लाड करू."

आणि तसंच झालं! दुसऱ्या गुरुवारी वर्गाच्या बाईंचा फोन आला. नवीन आहेत, पोरसवदा, आवाज गोड. म्हणाल्या, "अहो, तुम्ही सांगितलं होतं की धाकटी बोलत नाही म्हणून. ती तर थोरलीच्या वरताण आहे! पहिला हात तिचाच वर. काल-परवा तिनं वर्गाला गोष्ट सांगितली, मुलं हसून हसून लोळली. मी तिला मॉनिटर केलंय."

मला आकाश ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी लाँड्रीत मी सगळ्या पाळीला चहा पाजला. मुकादमबाईंना म्हणाले, "पोरं घडवायची तर मन घट्ट करावं लागतं. माझ्याकडून शिका." संध्याकाळी घरी धाकटीला जवळ ओढून तिचे पटापट मुके घेतले. "माझी वाघीण ती! दहा वर्षं मी या दिवसाची वाट बघत होते गं." ती काही बोलली नाही. लाजली असेल, असं मला वाटलं.

आता त्याच दोघी न्हाणीघराच्या दारात उभ्या होत्या. मी दोन्ही बाह्या वर धरल्या. "कोण गेलं होतं शाळेत?"

थोरलीच्या हनुवटीवर लहानपणी पायरीवर आपटल्याची खूण आहे. सगळं जग तेवढ्यावरूनच त्यांना ओळखतं. त्या खुणेवर शाळेत दिवसभर मास्क होता.

"मीच," थोरली म्हणाली. "सहाच्या सहा दिवस. पण आई, मी तिच्या दिवशी तिचाच शर्ट घालायचे. चीटिंग नाही केली."

मला हसू येत होतं की रडू, कोणास ठाऊक. सगळे दिवस स्वतःचाच शर्ट घातला असता तर जन्मात पकडली गेली नसती. पण अठरा नंबरच्या दिवशी अठराचाच शर्ट, हा तिचा प्रामाणिकपणा!

"आणि तू? तू दोन आठवडे घरात काय करत होतीस?"

धाकटी बादलीकडं बघत म्हणाली, "चित्रं काढत होते. भांडी लावली. खिडकीत बसले."

"आणि बाईंचा फोन आला, मी एवढी नाचले, तेव्हा तरी तोंड उघडायचं!"

"तू खूश होतीस," ती म्हणाली. "तू माझ्यावर इतकी खूश कधीच झाली नव्हतीस. मला वाटलं, ती मीच असते तर किती बरं झालं असतं."

माझ्या हातातला शर्ट बादलीत पडला. कोणी थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी माझ्या पोरीचे मुके घेतले होते आणि तिला ते दुसऱ्याच कोणाचे वाटले होते.

पण माझा स्वभाव असा, की लागलं की मी आधी भांडते. पोरींना बाहेर पाठवलं आणि नवऱ्याला गाठलं. "तुम्ही रोज स्कूटरवर नेत होतात. मास्क असला म्हणून काय झालं, पाठीमागं कोण बसलंय ते कळत नाही तुम्हाला?"

"कळतं की," तो शांतपणे म्हणाला. "धाकटी कमरेला घट्ट धरते. थोरली हात सोडून बसते."

"म्हणजे माहीत होतं!"

"पहिल्या मंगळवारी धाकटीलाच नेलं होतं मी. गेटवर तिला उलटी झाली. हात बर्फासारखे. परत घेऊन आलो. थोरली म्हणाली, मी जाते, आणि पाच मिनिटांत तयार. मला दहाला दवाखान्याच्या लिफ्टवर पोचायचं होतं. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे. मग तेच चालू राहिलं."

"आणि मला सांगायचं नाही?"

"तुला सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू तिला हाताला धरून फरफटत नेलं असतंस." मग म्हणाला, "अडकलेल्या लिफ्टमधून माणसाला ओढून काढायचं नसतं. दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडून ओढायला गेलं की माणूस खाली जातो. आधी लिफ्ट मजल्याला आणायची. मग तो आपल्या पायानं बाहेर येतो."

"मग आणलीत का मजल्याला, दोन आठवड्यांत?"

त्यानं लपवलं ते चूक होतं, आणि माझ्याबद्दल म्हणाला ते खरं होतं. मी फरफटतच नेलं असतं.

सोमवारी मुकादमबाईंकडं मंगळवारची दुपारची पाळी मागून घेतली. कारण विचारलं, तेव्हा सगळं सांगून टाकलं. चहा पिणाऱ्या सगळ्याजणी ऐकत होत्या. एकजण म्हणाली, "म्हणजे चहा वसूल करायचा का आता?" मी म्हटलं, "खुशाल हसा. हसण्यासारखंच आहे."

संध्याकाळी धाकटीला जवळ बसवलं. "हे बघ, उद्या मी येणार तुझ्याबरोबर, गेटपर्यंत. बाईंना खरं काय ते मी सांगणार. तू गोष्ट सांगू नकोस, मॉनिटर होऊ नकोस. फक्त तुझ्या बाकावर तू बस. बाकी काही नको मला."

"उलटी झाली तर?"

"धुवायचं काम माझंच आहे गं. चौदा वर्षं काय करते मी?"

ती हसली. थोरली मात्र लगेच म्हणाली, "आणि तिला नाहीच जमलं तर मी जाईन." मी तिला गप्प केलं.

मंगळवारी आम्ही चालतच निघालो. गेटवर शिपाई कपाळाला तापाचं यंत्र लावत होता, हातावर औषध ओतत होता. धाकटीनं माझा पदर मुठीत धरला होता. वर्गाच्या बाई गेटजवळच होत्या. तिला बघताच त्यांचे डोळे मास्कवरून हसले. "या मॉनिटर! आज कुठली गोष्ट?"

"बाई, ही ती नाही," मी म्हणाले.

मी सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, रडले नाही. आमच्याकडून चूक झाली, शाळेला फसवलं, त्याची जी शिक्षा असेल ती आईबापाला द्या, असंही म्हणाले. बाईंचा चेहरा मास्कमुळं अर्धाच दिसत होता, तरी तो उतरलेला कळला. मग त्या धाकटीसमोर वाकून म्हणाल्या, "म्हणजे मी तुला ओळखतच नाही की गं अजून. माझंही चुकलं. मी नवीन आहे ना इथं, मलासुद्धा रोज सकाळी पोटात गोळा येतो."

धाकटीनं वर बघितलं. माझा पदर तिनं लगेच सोडला नाही. दोन-तीन मुलं बाजूनं आत गेली, तेव्हा कधीतरी सुटला. वळून बघितलंही नाही तिनं. बघितलं असतं तर मी घेऊन आले असते, एवढं नक्की.

हवा खेळावी म्हणून वर्गाच्या खिडक्या उघड्या ठेवायचा नियम होता. रस्त्याच्या कडेला उभं राहिलं की हजेरी ऐकू येत होती. दोन, चार, सहा. प्रत्येक आकड्यामागं एक कोवळं 'हजर'. चौदा. सोळा. अठरा.

काहीच ऐकू आलं नाही. रस्त्यावरून एक टेम्पो गेला तो जाईपर्यंत मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. टेम्पो गेल्यावरही शांतच.

मग बाई म्हणाल्या, "वीस."

ती हजर म्हणाली की नुसता हात वर केला, मला आजही माहीत नाही. बाईंनी पुढचा नंबर घेतला, एवढं मला पुरे होतं. घरी येताना मी ताठ मानेनं चालत होते. वाटेत भेटेल त्याला सांगावंसं वाटत होतं, पण काय सांगणार? माझी मुलगी बाकावर बसली, एवढंच.

दार लोटून आत आले तर थोरली दाराशी खुर्चीवर बसलेली. शाळेचा शर्ट, पाठीवर दप्तर, तोंडावर मास्क, पायात बूट, नाड्या बांधलेल्या.

"अगं, हे काय?"

"ती परत आली तर जायला लागेल ना," ती म्हणाली. "बाबांना उशीर नको व्हायला."

"नाही येणार ती. बसलीय आत."

"फोन येईल," थोरली म्हणाली. "पहिल्या दिवशीही घरून निघेपर्यंत ठीकच होती ती."

मी फोन टेबलावर ठेवला. ती त्याच्यासमोर बसून राहिली. नऊ वाजले, दहा वाजले. मी भाजी चिरली, केर काढला. एरवी या पोरीच्या तोंडाला क्षणभर खळ नसतो, आज एक शब्द नाही. दप्तरही काढेना. साडेदहाला म्हणाली, "तिनं बाईंना काय सांगितलं असेल?" मग अकराला, "तिच्या शेजारी कोण बसत असेल?" आणि मला तेव्हा कुठं उमगलं. दोन आठवडे घरात एकटं बसायला धाकटी शिकली होती. ही आयुष्यात पहिल्यांदाच एकटी होती. दहा वर्षं मी एकीचीच काळजी केली. दुसरी सतत कोणासाठी तरी बोलत होती, म्हणून तिला काही लागत असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

पावणेबाराला खालच्या रस्त्यावरून आमच्या स्कूटरचा आवाज गेला. नवरा कामावरून परस्पर आणायला निघाला होता. फोन आला नव्हता.

थोरलीनं तो आवाज ऐकला. मास्क काढला, घडी करून खिशात ठेवला. मी तिच्यासमोर खाली बसले आणि तिच्या बुटांच्या नाड्या सोडायला लागले. गाठी तिनं दोनदोनदा मारल्या होत्या, त्यामुळं वेळ लागला.