इस्पितळाच्या चढावरची मोजणी

एस्नात चवुलाने बाकाच्या बरोबर मधोमध आपली कापडी पिशवी ठेवली आणि पलीकडच्या टोकाकडे बोट दाखवलं. सिमिओन कुमवेंडाने सायकल झाडाला टेकवली, टोपी काढून झटकली आणि दाखवलेल्या जागी मुकाट्याने बसला. सकाळचे सात वाजत होते. संध्याकाळी पाचपर्यंत दोघांना याच बाकावर, याच रस्त्याकडे तोंड करून बसायचं होतं.

अट शहर परिषदेतल्या अधिकारी बाईंची होती. एक कागद, एक पेन आणि शेवटी दोघांच्या सह्या. एक जरी सही कमी पडली तरी कागद रद्द. बाजारापासून इस्पितळापर्यंतच्या चढावर कबाझा बंद करा, असं रहिवासी मार्चपासून म्हणत होते. मागे गादी बांधून माणसं वाहणाऱ्या या सायकली उतारावर सुसाट सुटतात, घंटी नाही, ब्रेक नाही, समोर माणूस दिसला तरी वेग कमी करायचं नाव नाही. सायकलवाले म्हणत होते, खुशाल बंद करा, आणि मग आमच्या दोनशे घरांत चूल कशी पेटते तेही येऊन बघा. चार बैठका झाल्या. चौथीत खुर्ची उचलली गेली. तेव्हा बाई म्हणाल्या, ओरडून झालं असेल तर आता मोजा. रहिवाशांनी आपली चिटणीस पाठवली, कारण एस्नातने मझुझू शहरातल्या शाळांत तीस वर्षं गणित शिकवलं होतं आणि तिच्या आकड्याला खोटं म्हणायची कोणाची छाती नव्हती. सायकलवाल्यांनी आपला अध्यक्ष पाठवला, कुमवेंडाला.

किती माणसं, किती सायकली, किती गाड्या, हे मोजायचं होतंच. पण खरं भांडण होतं शेवटच्या रकान्याचं : थोडक्यात टळलेले अपघात. त्यात पुन्हा तीन भाग. चूक सायकलची, चूक गाडीची, चूक पायी चालणाऱ्याची. दर तासाला पेन एकाकडून दुसऱ्याकडे जायचं, आणि दोघांचं एकमत झाल्याशिवाय या रकान्यात रेघ ओढायची नाही.

पहिलीच रेघ ओढायला पाव तास गेला. मागे चार कोंबड्या उलट्या टांगलेली एक सायकल उतारावरून आली आणि एका नर्सच्या कोपराला घासून निघून गेली. नर्स दचकून मागे सरकली. कोंबड्यांचा आरडाओरडा खालच्या वळणापर्यंत ऐकू येत राहिला.

“सायकलची चूक,” एस्नात म्हणाली.

“नर्सबाई फोनवर बोलत होत्या.”

“फोनवर बोलायला बंदी आहे का?”

“भर रस्त्यात? नाही बाई. तिथे मरायलाही बंदी नाही.”

एस्नातने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो रस्त्याकडेच बघत होता, पण आपण काय बोलून बसलो ते त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्याने गुडघ्यावरची टोपी उगाचच उलटीसुलटी केली. मग म्हणाला, ओढा सायकलची. तिने रेघ ओढली, इतकी दाबून की कागद फाटता फाटता राहिला.

एस्नातची थोरली बहीण लिनेस फेब्रुवारीपासून अंथरुणाला खिळली होती. याच चढावर कबाझाच्या धक्क्याने ती पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळात ते जोडलं, पण नीट जुळलं नाही. बाजारात कसाव्याच्या कंदांच्या पिठाचं दुकान चालवणारी, दिवसभर ज्याला त्याला टोमणे मारणारी बाई आता खिडकीशी पडून रस्त्यावरच्या चपलांचे आवाज ऐकायची. धडक देणारा थांबला नव्हता. लोकांनी सायकलची लाल गादी तेवढी पाहिली, तोंड कोणी पाहिलं नाही. कुमवेंडाला ते नाव ठाऊक आहे याबद्दल एस्नातला तिळमात्र शंका नव्हती. चारही बैठकांत तिने त्याला ते विचारलं होतं, आणि चारही वेळा तो म्हणाला होता की संघटनेला काही माहीत नाही.

आठ वाजता त्याच्या हाती पेन देताना तिने पाचव्यांदा विचारलं.

“मोजायला बसलोय बाई,” तो म्हणाला. “मोजू या.”

मोजणी चालू राहिली. एका मिनीबसने उतारू चढवण्यासाठी आडवी गाडी घातली आणि दोन सायकली गटाराकडे ढकलल्या. कुमवेंडाने विजयी चेहऱ्याने गाडीच्या भागात रेघ ओढली आणि तिने ती मान्य केली. एका सायकलवाल्याने मागच्या गादीवर गरोदर बाई बसलेली असताना दोन्ही हात सोडून नाक शिंकरलं. तेव्हा तिने नुसतं कुमवेंडाकडे पाहिलं, आणि त्याने मान खाली घातली. एका म्हाताऱ्यावरून तर दोघांची इतकी जुंपली की म्हाताराच परत आला आणि म्हणाला, माझी चूक असेल तर तसं लिहा, पण जरा हळू बोला, वर आजारी माणसं आहेत.

दुपारी ऊन पानांतून खाली उतरलं. दोघांनी आपापले डबे दोन वेगळ्या दिशांना तोंडं करून खाल्ले. तिच्याकडे उकडलेली रताळी होती, त्याच्याकडे सुक्या उसिपा मासळीचा वास येत होता. एस्नात या रस्त्याने रोज दोनदा जात होती, पण बसून तो तिने कधी पाहिला नव्हता. चालणाऱ्याला आपल्या पायापुढचं दिसतं. बसल्यावर सगळाच रस्ता दिसतो, आणि तिला जे दिसत होतं ते तिला आवडत नव्हतं. कागदावरच्या बहुतेक रेघा एकाच ठिकाणच्या होत्या. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाने फूटपाथवर पत्रे उभे करून ठेवले होते, माणसाहून उंच, आणि पुढे विटांचा ढीग. तिथे आलं की माणसं मान वर न करता, सवयीने, पत्र्यांआडून रस्त्यावर उतरायची. जेमतेम बारा पावलांची जागा. तिने हे कुमवेंडाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याने त्याचा झेंडा केला असता.

आणि आणखी एक गोष्ट तिच्या मनाला टोचू लागली होती. माझी बहीण फूटपाथवर उभी होती, हे वाक्य तिने चारही बैठकांत म्हटलं होतं. ते तिला कोणी सांगितलं होतं, हे आता तिला आठवेना.

तीनच्या सुमारास घसा कोरडा पडला म्हणून ती पलीकडे चहावालीकडे गेली. पेन तेव्हा कुमवेंडाकडे होतं. परत येताना कप काठोकाठ भरलेला होता आणि तिची नजर चहावर होती. पत्रे आले तशी ती खाली उतरली. पुढचं तिला कळलंच नाही. दंडाला कोणीतरी हिसका दिला, चहा पोटावर सांडला, आणि कोळशाची तीन पोती लादलेली एक सायकल तिच्या झग्याला घासून म्हणावी इतक्या जवळून गेली.

“डोळे घरी ठेवून आलात का, आई?” सायकलवाला ओरडत उतारावर दिसेनासा झाला.

कुमवेंडा अर्धा रस्ता ओलांडून धावत आला होता. तिचा दंड अजून त्याच्या मुठीत होता.

“हात सोडा,” ती म्हणाली.

त्याने सोडला. दोघं परत येऊन बाकावर बसले. ती रुमालाने ओला झगा पुसत राहिली आणि त्याच्या टोमण्याची वाट बघत राहिली. तो बोलला असता तर तिच्याकडे उत्तर तयार होतं. कोळशाच्या सायकलीला घंटी नव्हती, वजन जास्त होतं, उतारावर उतरून चालायचा नियम होता. तो बोलला नाही. त्याने रेघही ओढली नाही. पेन कागदावर आडवं ठेवून तो समोर पत्र्यांकडे बघत बसला, आणि त्या गप्प बसण्याचा तिला दिवसभराच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त राग आला.

पाच वाजता तिने बेरजा केल्या. टळलेले अपघात : सायकलची चूक अकरा, गाडीची चौदा, पायी चालणाऱ्याची आठ. तिने आकडे पुन्हा तपासले. मग शेवटच्या भागात आणखी एक रेघ ओढली, आठाचे नऊ केले.

“ते राहू द्या, बाई,” कुमवेंडा म्हणाला.

“का राहू द्या? मोजायला बसलोय ना?”

तिने खाली सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने पेन घेतलं, पण सही केली नाही. त्या नवव्या रेघेवर त्याची नजर बराच वेळ होती.

“त्या दिवशी तो माझ्याकडेच आला होता,” तो म्हणाला. “झोंडीवे म्हिझा. चार लेकरांचा बाप आहे. थरथरत होता. मीच त्याला म्हणालो, सायकल इथेच टाक, रुम्फीला भावाकडे जा आणि मी बोलावल्याशिवाय येऊ नकोस. पळाला तो माझ्या सांगण्यावरून पळाला.”

एस्नातचे हात मांडीवर होते. ते तिने तिथेच ठेवले.

“चार वेळा विचारलं तुला मी,” ती म्हणाली. दिवसभराचं ‘तुम्ही’ गळून पडलं होतं. “आज पाचव्यांदा.”

“हो.”

“काय म्हणाला तो?”

“म्हणाला, बाई पत्र्यांमागून एकदम खाली उतरल्या, मला वेळच मिळाला नाही. आणि म्हणाला, पण मी उचलायला थांबलो नाही, ते मात्र माझं.”

रस्त्यावरून इस्पितळाची पाळी संपवून निघालेल्या बायका जात होत्या. पत्र्यांपाशी येऊन एकेक जण खाली उतरत होती.

“हे बैठकीत सांगितलं असतंस तर निम्मे लोक तुझ्या बाजूने झाले असते,” एस्नात म्हणाली. “तिथे का नाही बोललास?”

“मग नाव सांगावं लागलं असतं.”

तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली. मग तिने कागदावर बोट ठेवलं.

“सही करा. अक्षर वाचता येईल अशी.”

त्याने केली. तिने घडी घालून कागद पिशवीत ठेवला आणि उभी राहिली. ती उठताना त्याने हात पुढे केला होता, तो तिने पाहिला नाही किंवा पाहूनही न पाहिल्यासारखं केलं.

“रविवारी चर्च सुटलं की त्याला घेऊन या,” ती म्हणाली. “मी दारात असेन. आत घेईनच असं नाही.”

घरी पोचली तेव्हा लिनेस जागीच होती. खिडकीत अजून थोडा उजेड होता. काय लागला निकाल, तिने विचारलं, कोणाचं नाक कापलं? एस्नातने चुलीवर पाणी ठेवलं, कसाव्याचं पीठ काढलं, परत डब्यात टाकलं. मग स्टूल ओढून पलंगापाशी बसली.

“ताई, त्या दिवशी तू नेमकी कुठे होतीस?”

लिनेस तिच्याकडे बघत राहिली. सात महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या ओठांच्या कडेला तो बाजारातला जुना टोमणा येऊन थांबला.

“मला काय विचारतेस?” ती म्हणाली. “सगळ्यांना तर तूच सांगत होतीस.”

एस्नातने होकारार्थी मान हलवली आणि चुलीवरचं पाणी उकळू लागलं तरी ती उठली नाही.