समोरच्या मचाणावर

मॉलमध्ये जायचं खरं कारण एवढंच होतं, की आईला बूट घ्यायचे होते. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी मऊ तळव्याचे बूट सांगितले होते, आणि सुट्टीचा दिवस गाठून लेकीनं ते तिच्या पायात घातलेही. पायांना दोन उशा बांधल्यासारखे ते बूट घालून आई सरकत्या जिन्यावर उभी होती आणि मनातल्या मनात बूट बनवणाऱ्याचा उद्धार करत होती. पायाखाली काय आहे ते पायालाच कळू नये, हा कुठला शहाणपणा? याच पायांनी एके काळी बोटभर जाडीच्या तारेवर संसार केला होता.

सर्कशीत तिला सगळे चिमणी म्हणत. आता तिनं सत्तरी गाठली होती, कपड्यांच्या चेन आणि शिवणी दुरुस्त करून देणारी शिवणवाली मावशी म्हणून सगळी गल्ली तिला ओळखत होती, पण चिमणी हे नाव तिनं मनातून कधी उतरवलं नव्हतं. तेव्हा आपणही तिला चिमणीच म्हणू. लेक मात्र विमा कंपनीत. त्यातही अपघात विमा. "तारेवरच्या बाईच्या पोटी पॉलिसी जन्माला आली," असं चिमणीचा नवरा म्हणायचा आणि दुसरं कुणी हसायच्या आत स्वतःच खो खो हसायचा. तो जाऊन आता चार वर्षं झाली होती.

वरच्या मजल्यावर, कॉफीच्या दुकानाला लागून, बरीच गर्दी जमली होती. ‘आभाळातली फळी’ अशी पाटी होती. जमिनीवर एक साधी लाकडी फळी टाकलेली, आणि तिच्यावरून एक धिप्पाड गृहस्थ डोळ्यांवर जाडजूड काळा चष्मा लावून चक्क रांगत होता. "मेलो, मेलो," असा त्याचा जप चालला होता आणि त्याची बायको पोट धरून हसत होती. बाजूच्या मोठ्या पडद्यावर त्याला काय दिसतंय ते सगळ्यांना दिसत होतं. दोन उंचच उंच इमारती, मधे अधांतरी फळी, आणि खाली, पार खाली, मुंग्यांएवढ्या गाड्या.

चिमणीचे पाय तिथंच खिळले.

"चल गं आई, कॉफी घेऊ."

चिमणीनं ऐकलंच नाही. ती पडद्याकडे बघत होती. वरून खाली बघितल्यावर जग कसं लहान, स्वच्छ आणि बिनआवाजी होतं, ते ती विसरली नव्हती; पण ते पुन्हा डोळ्यांना दिसेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. तिला भूक लागल्यासारखं झालं. पण ही भूक फार जुनी होती.

"मला जायचंय त्याच्यावर," ती म्हणाली.

"कशावर?"

"त्या फळीवर."

लेकीनं आधी आईकडे पाहिलं, मग गुडघ्याकडे, मग पुन्हा आईकडे. "डोकंबिकं फिरलंय का तुझं? ब्लडप्रेशरची गोळी तरी घेतलीस का सकाळी?"

"घेतली. आणि फळी जमिनीवर आहे, दिसतंय मला. गुडघा बदललाय, डोळे नाहीत."

"आई, नको म्हटलं ना."

हे ‘नको’ चिमणीच्या ओळखीचं होतं. लेक सात वर्षांची असताना दुपारच्या खेळात चिमणीचा पाय सटकला होता. काही झालं नाही. ती हातांनी तारेला लोंबकळली, झोका घेऊन पुन्हा वर चढली आणि लोकांनी टाळ्यांनी तंबू डोक्यावर घेतला. पण पोरगी पडद्यामागून धावत रिंगणात आली आणि वर बघून हंबरडा फोडत राहिली, "आई, खाली ये! मला नको हे!" चिमणी खाली आली. पुन्हा वर गेली नाही. तिला कुणी बळजबरी केली नव्हती, मालकानं तर हातापाया पडून बघितलं. नवऱ्यानं नंतर एका गोदामात माल लावायची नोकरी धरली, तिनं शिवणयंत्र घेतलं. खाली येऊन वाईट काहीच झालं नाही. फक्त कपडे वाळत घालायची दोरी बांधताना ती दर वेळी जरा जास्तच ताणून बांधायची, आणि बांधून झाल्यावर तिच्यावर तळहात ठेवून थोडी उभी राहायची. पोरीला हे कधी दिसलं नाही, आणि चिमणीनं दिसू दिलं नाही.

"एकदाच," ती आता म्हणाली. तिचा आवाज असा आला, की लेकीनं पर्समधून पैसे काढले.

तिकिटं देणारी मुलगी पिवळा टी-शर्ट घातलेली, बडबडी होती. आजींना बघून तिला भरूनच आलं. "काही घाबरायचं नाही हं आजी! आपण आहोत ना! खाली साधी फरशी आहे!"

"माहितेय गं बाळा," म्हणत चिमणी खाली बसली आणि तिनं नवे बूट काढले, मोजे काढले. अनवाणी पाय फरशीला टेकले तेव्हा कुठं तिला हायसं वाटलं. तळवे तिनं एकमेकांवर घासले. पूर्वी तारेवर चढण्याआधी तळव्यांना राळ चोळत, म्हणजे पाय घसरत नाही. इथं राळ मागितली असती तर टी-शर्टवालीनं बहुतेक डॉक्टर बोलावला असता.

चष्मा चढला. आधी लिफ्ट दिसली. ती वर चालली. चिमणीला ठाऊक होतं की आपण मॉलमध्ये आहोत, शेजारी कॉफीचं यंत्र फुसफुसतंय, तरी तिचं काळीज जुन्या सवयीनं लिफ्टबरोबर वर चढलं. मग दार उघडलं. पंखा लावला असावा, चेहऱ्यावर वारा आला. आणि समोर सगळं आभाळ होतं.

"अगं बाई," ती पुटपुटली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्या चष्म्याच्या आतच साठलं. इतकी वर्षं मी कशी राहिले याच्याशिवाय, असं तिला वाटलं, आणि त्या वाटण्याचा तिला रागही आला, कारण राहिली होती, चांगली हसतखेळत राहिली होती.

फळीचं पलीकडचं टोक समोरच्या इमारतीच्या सज्ज्याला टेकलं होतं. चिमणीनं नजर तिथं लावली. खाली बघायचं नसतं, पायाकडे बघायचं नसतं, समोर बघायचं असतं. तिनं पायाच्या बोटांनी फळीची कड चाचपली, खांदे सैल सोडले, आणि मनात काही यायच्या आत तोंडातून शब्द निघून गेला.

"आहेस?"

तारेवरचा रिवाजच होता तो. पाऊल टाकण्याआधी तारेच्या दुसऱ्या टोकाला, समोरच्या मचाणावर उभ्या असलेल्या माणसाला विचारायचं, ‘आहेस?’ त्यानं ‘आहे’ म्हटलं की निघायचं. उत्तर नाही आलं तर निघायचं नाही, मग खाली हजार माणसं टाळ्या पिटत असोत नाहीतर शिट्ट्या मारत असोत. समोरच्या मचाणावर कायम तोच असायचा, पुढं तिचा नवरा झाला तो. त्याचं काम दिसायला काहीच नव्हतं. ती येईपर्यंत तिथं उभं राहायचं, हलायचं नाही, पाणी प्यायचं नाही, कपाळावर बसलेली माशीसुद्धा हाकलायची नाही, आणि ती आली की तिचं मनगट धरायचं. लग्न झाल्यावर चारचौघांत ती त्याला अहो-जाहो करू लागली. पण वर मात्र ‘आहेस?’ ते ‘आहेस?’च राहिलं. "अहो, आहात का, म्हणेपर्यंत मी खाली पडायचे," असं ती सांगायची. तार सुटली, तंबू विकला गेला, तरी त्या दोघांची ही खोड गेली नाही. ती स्वयंपाकघरातून विचारायची, तो बाहेरच्या खोलीतून पेपरमागून उत्तर द्यायचा. विचारण्यासारखं कारण नसलं तरी विचारायची.

तो हॉस्पिटलातच वारला, त्यानंतर सगळं आटोपून घरी आल्यावर, चिमणीनं पिशवी ओट्यावर ठेवली आणि सवयीनं विचारलं होतं, "आहेस?" लेक मागंच चपला काढत होती. दोघींनीही काही ऐकलं नाही असं दाखवलं. त्या दिवसापासून तो शब्द चिमणीनं तोंडातून काढला नव्हता.

आणि आज काढला. आता ती फळीच्या टोकाशी उभी होती आणि तिचा पाय उचलत नव्हता.

"चला आजी, छान! टाका पाऊल!" टी-शर्टवाली म्हणाली.

चिमणी उभीच.

"घाबरल्या बिचाऱ्या," मागून कुणीतरी म्हणालं. कुणी हसलं. "काढा त्यांचा चष्मा."

ती घाबरली नव्हती. ती थांबली होती. समोरच्या सज्ज्यात कुणी नाही हे तिला स्वच्छ दिसत होतं, तिथं कुणी येणार नाही हेही कळत होतं. कळत असलं तरी पाय कुठं ऐकतात? आयुष्यभर त्यांना एकच शिकवलं होतं. वारा चेहऱ्यावर येत राहिला, खालच्या गाड्या मुकाट सरकत राहिल्या. तिला तो हवा होता. दुसरं काही नाही, आभाळसुद्धा नाही; तो एक शब्द हवा होता, पेपरमागून आलेला, अर्धवट लक्ष देऊन म्हटलेला चालला असता. अखेर तिनं चष्मा काढायला हात वर नेला.

"आहे."

आवाज समोरून आला. मोठा नव्हता, आणि जरा चिरका होता. लेक कधी वळसा घालून फळीच्या पलीकडच्या टोकाला गेली, ते चिमणीला कळलंही नव्हतं.

चिमणीचा हात खाली आला. पाय आपसूक उचलला.

फळी कसली, रस्ताच होता तो. तारेच्या मानानं बैलगाडी गेली असती. पण ती चालली तारेवर चालायची तशीच, आधी बोटं, मग तळवा, मग टाच. बदललेला गुडघा एकदा कुरकुरला, मग गप्प बसला. मधोमध ती थांबली, कारण मधोमध थांबायची तिची जुनी खोड होती आणि त्यावरून नवरा दर खेळानंतर तिला बोलायचा. तिनं दोन्ही हात पसरले. मागची कुजबुज बंद झाली होती. ती हसली, एकटीच, आभाळात. मग पुढं निघाली आणि टोकाशी येऊन हात पुढं केला.

लेकीनं तिची बोटं धरली.

"मनगट," चिमणी म्हणाली.

लेकीनं पकड बदलली आणि मनगट घट्ट धरलं. चिमणी काही वेळ तशीच चष्म्याआड उभी राहिली, आणि लेकीनं तिला घाई केली नाही.

चष्मा निघाला तेव्हा आईच्या गालांवर त्याचे वळ उठले होते आणि दोघींचीही नाकं लाल झाली होती. टी-शर्टवाली टाळ्या वाजवत होती.

"एवढं हवं होतं तुला हे?" लेकीनं विचारलं.

"हो."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू खाली रडत होतीस ना," चिमणी म्हणाली.

लेकीनं पर्स आईच्या हातात दिली, चपला काढल्या, आणि टी-शर्टवालीपुढं जाऊन मान पुढं केली. घरातल्या स्टुलावर चढून बल्ब बदलायचा तर शेजाऱ्याला बोलावणारी ही बाई! चिमणी आ वासून बघत राहिली.

"अगं, तुला नाही झेपायचं!"

"तू तिकडं जा," चष्म्याआडून लेक म्हणाली.

चिमणी वळसा घालून पलीकडच्या टोकाला गेली, पर्स काखेत धरून. समोर लेक, मोठी झालेली, केसांत पांढरी बट आलेली, भिंतीला पाठ लावून उभी. पडद्यावर लिफ्टचं दार उघडलं. "आई गं!" लेक किंचाळली आणि लोक हसले. चिमणीला शंभर गोष्टी सांगायच्या होत्या. खाली बघू नकोस. खांदे सैल सोड. श्वास घे. नको तर राहू दे, काढ तो चष्मा, चल घरी जाऊ. यातलं काहीही तिच्या उपयोगाचं नव्हतं, आणि इथून चिमणीला दुसरं काही करताही येत नव्हतं. आयुष्यभर ती विचारणारी होती. या टोकाला कधी उभी राहिलीच नव्हती. काळीज असं मुठीत धरून तो रोज इथं उभा राहायचा, हे तिला आज कळलं, आणि सांगायला तो नव्हता.

लेकीनं हात हवेत चाचपडले. पाऊल अर्धं उचललं आणि परत खाली ठेवलं. मग तिनं तोंड वर केलं, जिथं आई असेल असं तिला वाटत होतं तिकडं.

"आहेस?"

उत्तराला उशीर करायचा नसतो.

"आहे," ती म्हणाली, आणि जिथं होती तिथंच, जराही न हलता, उभी राहिली.