एकतीसपर्यंतचे आकडे
मंगळवार, ९ मार्च १९७६. सकाळी दहा वीसला जिनोआतल्या एका सोनाराच्या दुकानातून तोंडं झाकलेले तिघे पिस्तुलं नाचवत बाहेर पडले. रस्त्यावर टाळ्या वाजल्या. एका म्हातारीने ओरडून विचारलं, "काय रे, सिनेमा कधी लागणार?"

तिची चूक नव्हती. दिग्दर्शक गार्बारिनो गुंडांनी वेठीला धरलेल्या शहराचा सिनेमा त्याच रस्त्यावर, परवाना न काढता, चित्रित करत होता. त्याचे तीन बुरखेधारी नट तेव्हा बारमध्ये कॉफी घेत होते. खरे तिघे सिनेमाच्या गाडीत शिरले आणि चालक एल्वियो ब्रेसानने गाडी भरधाव सोडली.

"मला वाटलं, आपलेच नट," एल्वियोने पोलिसांना सांगितलं. "पुलापाशी मानेला पिस्तूल लागलं, तेव्हा कळलं."

पोलीस अधिकारी ओद्दोनेंना ते पटलं नाही.

गाडीच्या नाकावर, चालकाकडे तोंड करून बसवलेला कॅमेरा चालूच राहिला होता. आवाज मात्र नव्हता. आमच्या इटलीतल्या सिनेमात आवाज नंतर भरतात. चित्रणात नट संवादांऐवजी आकडे म्हणतात. सिनेमातही चालकच झालेल्या एल्वियोनेही पुलापर्यंत आकडेच म्हणायचे होते. तो मोजत असेल, तर निर्दोष. मागच्या तिघांशी बोलत असेल, तर त्यांना सामील.

बुधवारी गार्बारिनोने ओठ वाचायला इनेसला आणलं. ती अकरा वर्षं पडद्यावरच्या ओठांना शब्द जुळवते.

"आरोपीचीच बायको? वा!" ओद्दोने म्हणाले.

"दुसरं कोणी असेल तर आणा, साहेब," गार्बारिनो म्हणाला.

फीत संपली. "पुन्हा लावा," इनेस म्हणाली. असं चार वेळा. गार्बारिनो तिच्याकडे बघत राहिला. एरवी तिला एकदा पुरतं.

"मग, बाई?"

"आकडे. एक ते एकतीस. मग पिस्तूल."

"पुलापर्यंतच्या दोन मिनिटांत फक्त एकतीस?"

"तो सावकाश मोजतो, साहेब. लग्नात 'हो' म्हणायला त्याने पाद्रीबाबालाही ताटकळवलं होतं."

कोणी हसलं नाही.

ओद्दोनेंनी जबाबावर तिची सही घेतली आणि फितीचा डबा लाखेने बंद केला. गुरुवारी सकाळच्या आगगाडीने तो मिलानला, बहिऱ्या मुलांना ओठ वाचायला शिकवणाऱ्या एका बाईंकडे गेला.

शुक्रवारी दुपारी चारपर्यंत त्यांचं उत्तर आलेलं नाही. एल्वियो कोठडीत आहे. इनेस कालपासून कामावर आलेली नाही, घरालाही कुलूप आहे.