बोळा कोंबलेली घंटा

मित्रांनो, माझ्या पोटात कापडाचा बोळा आहे, म्हणून मी वाजत नाही. एरवी मी घंटाच आहे, जुनी, बैलाच्या गळ्यातली.

अकोल्याच्या एका ओताऱ्याने मला काशातून ओतलं. वलगावच्या खुशालराव माळ्यांनी पोळ्याच्या बाजारात मला वाजवून पारखलं आणि त्यांच्या ढवळ्या बैलाच्या गळ्यात बांधलं. वांगी आणि झेंडू घेऊन त्यांची गाडी अमरावतीला जायची. परतताना माझा आवाज आला की त्यांच्या पत्नी गोदाबाई तांब्या भरून दारात उभ्या राहत. आधी बैलांच्या पायांवर पाणी, मग धन्याच्या.

"बैलाच्या मागून नंबर आहे माह्या," असं म्हणून खुशालराव हसत. मला ते स्वतः चिंच लावून घासत. तेच माझे चांगले दिवस.

एका श्रावणात पेढी नदीला पूर आला. नदी ओलांडताना उतारावर गाडी कलंडली, जू मोडलं, बैल पोहून निघाले. मी ढवळ्याच्या गळ्यात वाजत घरी आले. गोदाबाईंनी दार उघडलं, बैलांच्या पायांवर पाणी घातलं, आणि मग त्यांना दिसलं की मागे गाडी नाही. खुशालराव सापडलेच नाहीत.

त्या घरी रीत होती. धनी गेला की बैलाची घंटा पुढच्या पोळ्यापर्यंत मुकी ठेवायची. गोदाबाईंनी नवऱ्याच्या फेट्याची चिंधी माझ्या पोटात कोंबली आणि मला खिळ्यावर टांगलं. पोळा आला, गेला. चिंधी त्यांनी काढली नाही. "वाजली तर वाटन, तेच आले," म्हणत.

त्यांचा मुलगा सूर्यभान पुढे अमरावतीच्या इंग्रजी शाळेत मॅट्रिकला गेला. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता. संमेलनासाठी पोरांनी खुनाचं नाटक बसवलं. भीती वाटावी म्हणून पत्र्याचा सुरा आणला, तो वाकला. कुंकवाचं पाणी सांडलं, तर एक जण म्हणाला, "रगत नाही बे, सरबत वाटते!" नाटक बसवणारा ओमप्रकाश वैतागला.

"माणूस दिसलाच नाही पाह्यजे. पण तो येऊन राहिला, हे समजलं पाह्यजे."

सूर्यभानने वाकलेला सुरा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "माह्या घरी आहे तसं."

आईला त्याने विचारलं नाही. ती नाही म्हणेल, हे त्याला ठाऊक होतं. खिळ्यावरून मला काढून त्याने तालमीला नेलं, चिंधी बाहेर ओढली आणि मला वाजवलं, तेव्हा ओमप्रकाशच्या अंगावर काटा आला.

आईला त्याने नाटकाला येऊ नको असं सांगितलं होतं. पण गोदाबाई शेजारच्या शालूला घेऊन आल्याच, मागे बायकांमध्ये बसल्या. मंचावरचा दिवा बारीक झाला. पडद्यामागून सूर्यभानने मला हलवलं. आधी हळू, जणू लांबून. मग मोठ्याने. सगळे श्वास रोखून बसले.

तेवढ्यात गोदाबाई उठल्या. दाराशी ठेवलेल्या माठातून त्यांनी तांब्या भरून घेतला.

"सरका वं, जाऊ द्या मले. गाडी आली. बैलाच्या पायावर पाणी टाकाचं आहे."

लोकांना वाटलं, हे नाटकातलंच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

सूर्यभान मला हातात घेऊन तसाच धावत सुटला. फाटकापाशी आई उभी होती. मी वाजत होते, आणि आवाज जवळ येईल तसा तिचा चेहरा उजळत होता. मग तिला मुलगा दिसला. तांब्यातलं पाणी तिने हळूच जमिनीवर ओतलं.

"काहून रे बापा? दुसरं काही भेटलं नाही तुले?"

फेट्याची चिंधी तालमीच्या खोलीत हरवली होती. खूप शोधली, मिळाली नाही. त्याने आपल्या सदऱ्याची बाही फाडून माझ्या पोटात कोंबली. नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. ते घ्यायला तो गेला नाही.

मित्रांनो, भीती दाखवायला वस्तू हवी असेल तर पत्र्याचीच घ्या, वाकली तरी चालेल. पण कुणाच्या घरच्या खिळ्यावरून काही काढायचं असेल, तर आधी त्या घरच्या माणसाला विचारा, आणि तो नाही म्हणाला तर परत फिरा. आता संध्याकाळी रस्त्यावर कुणाच्याही बैलाची घंटा वाजली की गोदाबाई तांब्या भरतात. सूर्यभान तांब्या त्यांच्या हातातून काढून घेतो.