बारकीच्या नाकाची तपासणी

आमच्या घरात तीन पिढ्या गिलाव्याचं काम करतात. भिंत पुरी झाली की आम्ही ती समोरून बघत नाही. बॅटरी भिंतीला टेकवून आडवी धरतो. टाचणीच्या टोकाएवढी खाच असली तरी तिची सावली पडते. तिथे पेन्सिलीने गोल करायचा, मग लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पॉलिश पेपर मारायचा.

माझ्या नातीला, बारकीला, सोमवारपासून चष्म्याच्या दुकानात नोकरी लागली होती. गिऱ्हाइकाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर उभं राहून चष्मा बसवायचा. तिला लहानपणापासून इसब. गाल कोरडे, भुवयांपाशी पोपडे आणि नाकावर बारीक काळपट ठिपके. शुक्रवारी तिने जाहीर केलं, "मी जाणार नाही. माझी छिद्रं बुजलीत."

"बघू बघू," म्हणत तिचा काका, माझा धाकटा, बॅटरी घेऊन आला आणि त्याने ती तिच्या गालाला आडवी लावली.

गारा पडून गेलेल्या शेतासारखा तो गाल दिसला. मीसुद्धा दचकलो.

"अरे देवा! हा तर आख्खा खरवडावा लागेल," धाकटा म्हणाला.

"काका, तोंड आहे माझं!"

"म्हणून तर जपून सांगतोय. हलू नकोस."

त्याने पेन्सिल जिभेवर ओली केली आणि गोल काढायला सुरुवात केली. खोटं कशाला बोलू, बॅटरी मी धरली होती. एक्केचाळीस गोल झाले.

"पोरीचं तोंड आहे की न्हाणीघर?" सून आतून ओरडली. पण स्वतः बारकीलाच काकाचं पटलं होतं. तिने अक्रोडाच्या सालीचा भुगा आणून दोन वेळा खसाखसा चेहरा घासला. शनिवारी सकाळी तोंड विटेसारखं लाल. आग एवढी की हात लावू देईना. भुगा नाकागालावर फिरला, तिथले गोल गेले. कपाळावरचे तसेच राहिले.

आम्ही तिघे कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी भुग्याचं ऐकून घेतलं आणि बराच वेळ कपाळ बघितलं.

"ही वर्तुळं कसली?"

"दुरुस्तीच्या जागा," धाकटा म्हणाला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "कोणाला दुरुस्त करायचंय, ते आपण नंतर ठरवू. नाकावरचे ठिपके म्हणजे मळ नाही. कोरड्या कातडीचा कोंडा आणि थोडं तेल छिद्राच्या तोंडाशी बसतं, ते काळं दिसतं. आडव्या उजेडात तर माझंही नाक चाळणीसारखं दिसेल. इसब असताना घासलं की कातडी फाटते. भुगा बंद, वासाचा साबण बंद. कोमट पाण्याने धुवायचं, टिपायचं, आणि तोंड ओलसर असतानाच बिनवासाचं साधं क्रीम लावायचं. लाल जागी हे मलम, लिहून देते तितकेच दिवस."

"म्हणजे पाणी मारून वरून ओलं गोणपाट," धाकट्याचा चेहरा उजळला. "गिलाव्याला आम्ही तेच करतो, नाहीतर तडे जातात!"

"तसंच समजा. पण गोणपाट लावू नका," बाई घाईघाईने म्हणाल्या.

"आणि ठिपके?" बारकीने विचारलं.

"फिके होतील. पुसून जाणार नाहीत."

तिथून घरापर्यंत बारकी प्रत्येक दुकानाच्या काचेत नाक बघत आली.

सोमवारी लाली बरीच उतरली होती. ठिपके जागच्या जागी. सुनेने घरातल्या बॅटऱ्या पिठाच्या डब्यात पुरल्या होत्या. बारकी दारात घुटमळली.

"आजोबा, दिसतंय का?"

"दिसतंय."

"निदान आज तरी खोटं बोलायचं!"

"बोललो असतो, तर तू विश्वास ठेवला असतास?"

तिने चप्पल घातली. "मग तुम्ही चला बरोबर."

दुकानात मी बाकावर बसलो. पहिलंच गिऱ्हाईक जाडजूड गृहस्थ. त्यांनी जुना चष्मा काढला. बारकीने श्वास रोखून, वाकून नवा बसवला. गृहस्थांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. ते आरशाला जवळजवळ नाक टेकवून उभे राहिले.

"अहो, हे काय माझ्या नाकावर? काल नव्हतं हे!"

"काल चष्मा जुना होता," बारकी म्हणाली. "सगळ्यांना असतात ते. घासू मात्र नका हं." आणि ती त्यांच्या कानामागे काडी टोचतेय का ते बघू लागली.

मी उठून घरी आलो.